सेप्सिसमधून वाचले, पण 'बरी' कधी होणार?

केळफूल
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसलेय, कारण या विषयावर घरात बोलायची आता सोय उरलेली नाही.

मागच्या पावसाळ्यात मूत्रवाहिनीत खडा अडकला. लघवी तुंबली, तिच्यात जंतू वाढले आणि रातोरात सगळं रक्तात गेलं. हुडहुडी अशी की पलंग हलत होता. दवाखान्यात पोचले तेव्हा वरचं बीपी सत्तर. डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत बारीक नळी, टाकून तुंबलेलं मोकळं केलं, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक, बीपी धरून ठेवायला नॉरअ‍ॅड्रेनालिन, काही दिवस व्हेंटिलेटर. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं होतं, डायलिसिस थोडक्यात टळलं. घरी आले तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी ओवाळलं. पुनर्जन्म झाला म्हणाल्या. मलाही पहिला आठवडा तसंच वाटलं.

त्यानंतरचं सांगते. आंघोळ करून आले की आडवं व्हावं लागतं. केस मुठीने गळतायत. सगळ्या नखांवर एकाच जागी आडवी खाच पडली आहे. मी बँकेत काउंटरवर असते. कामावर परत गेले तर रोजच्या गिऱ्हाइकांची नावं आठवेनात, व्हाउचर हातात धरून पुढे काय करायचं तेच सुचेना. टोकनची घंटा वाजली की छाती धडधडते. रात्री कपाळ गरम लागतंय का म्हणून चार वेळा थर्मामीटर लावते.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणाले, "छान आहे, आता नेहमीसारखं राहा." सासूबाई म्हणतात, "रिपोर्ट चांगले आहेत ना, मग आता मनावर घे." नवरा काही म्हणत नाही, पण सुस्कारा ऐकू येतो.

कुणाला हे झालंय का? किती काळ चालतं? 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही सांगा.

कुणग्यातला
ताई, झालंय. मी कुडाळकडचा. लावणीच्या दिवसांत लेप्टो झाला, तिथून सेप्सिस. कावीळ, किडनी, फुफ्फुस, सगळं एकदम. पायाला भेगा आणि कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी, एवढं पुरतं. लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतं, त्या गावात किती जण घेतात आणि किती जण फळीवर ठेवतात ते विचारू नका.

घरी आल्यावर आई रोज म्हणायची, "आता बरो झालंस मां, मगे गप कित्याक बसलंस?" तिला समजावून थकलो. शेवटी सांगितलं, पुराचं पाणी ओसरलं म्हणून शेत लगेच उभं राहतं काय? तेवढं तिला पटलं.

किती काळ ते सांगतो. पुढच्या लावणीला मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो. त्याच्या पुढच्या लावणीला चिखलात उतरलो, पण दुपारनंतर नाही.

बेड_नंबर_सात
मी मुंबईत अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. केळफूल, तुम्ही लिहिलेली एकही गोष्ट मला नवीन नाही. फक्त आम्हाला ती दिसत नाही, कारण पेशंट वॉर्डात गेला की आमच्याकडून सुटला. पेशंट नंतर पेढे घेऊन येतात, आम्ही फोटो काढतो. जिना चढताना रेलिंग किती घट्ट धरावं लागलं ते कुणी सांगत नाही.

केसांचं आधी सांगते, कारण बायका त्यालाच जास्त घाबरतात. मोठ्या आजाराच्या धक्क्याने बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं मेलेली नसतात, केस परत येतात. पार्लरवालीच्या तेलावर पैसे घालू नका. नखांची खाच म्हणजे आजारात वाढ थांबली होती ती जागा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, सहाएक महिन्यांत ती खाच टोकाला येऊन कापली जाईल.

अशक्तपणा मात्र 'नुसता अशक्तपणा' नाही. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत सहाव्या हिश्शाच्या आसपास झिजतो, असं सोनोग्राफीने मोजून २०१३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. काहींच्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो. हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही, म्हणून रिपोर्ट 'छान'.

निरामय७
रक्तात विष झालं होतं म्हणजे रक्तशुद्धी व्हायलाच हवी. गुळवेल, कडुनिंब, मंजिष्ठा यांचा काढा रोज अनशापोटी घ्या. अँटिबायोटिकने पेशी मरतात. विश्वास ठेवा, तीन महिन्यांत फरक.

रात्रपाळी
@निरामय७, विश्वासाचा प्रश्न नाही. या बाईंच्या मूत्रपिंडाला नुकतीच इजा होऊन गेली आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली, वाद झाला, तो इथे नको. पण सावरत असलेल्या किडनीवर डोस माहीत नसलेला काढा ओतण्याचा सल्ला पेशंटला न पाहता देऊ नये. हेच मी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकबद्दलही म्हणेन. अंग दुखतं म्हणून वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, किडनीला त्यांचाच धोका जास्त.

आता मूळ प्रश्न. मी आयसीयूत डॉक्टर आहे, गाव सांगत नाही. सेप्सिस म्हणजे नुसतं 'रक्तात इन्फेक्शन' नव्हे. २०१६ च्या व्याख्येनुसार, जंतूंशी लढताना शरीराचाच प्रतिसाद बिघडतो आणि त्यात आपलेच अवयव निकामी व्हायला लागतात. जंतू मेले तरी ते नुकसान भरून यायला वेळ लागतो, कधी पूर्ण भरून येतही नाही. मेंदूही त्यातलाच एक अवयव. २०१० मध्ये अमेरिकेत वयस्कर लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला. सेप्सिसच्या आधी ६.१ टक्के लोकांची बुद्धी मध्यम ते गंभीर प्रमाणात मंदावलेली होती, नंतर १६.७ टक्के. ते साठी-सत्तरीच्या पुढचे लोक होते, केळफूल, तुमचं वय तेवढं नसावं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावून घेऊ नका. सांगायचं इतकंच की व्हाउचर हातात धरून न सुचणं हा मनाचा आळस नाही.

दुसरं, थर्मामीटर. तुमची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की सेप्सिसमधून घरी गेलेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोक ९० दिवसांत पुन्हा भरती होतात, आणि त्यात नवीन इन्फेक्शन हे मोठं कारण असतं. म्हणून तपासा, पण थर्मामीटरच्या आकड्याला चिकटून बसू नका. सेप्सिसमध्ये ताप येतो तसं अंग गारही पडतं. हुडहुडी, धाप, बडबड किंवा गुंगी, लघवी अगदी कमी होणं, हातापायाची कातडी डागाळणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना, आणि दारातच सांगायचं की मला आधी सेप्सिस होऊन गेलाय. फ्लू आणि न्यूमोकोकल लशींचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्टेंट निघालाय ना? हे आधी सांगा.

केळफूल
स्टेंट निघाला, खडाही काढला. डॉक्टर, 'मनाचा आळस नाही' हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं.

बेड_नंबर_सात, एक विचारायचं होतं. हसू नका. मला आयसीयूत शंभर टक्के खात्री होती की रात्रपाळीच्या सिस्टर सलाइनमधून विष देतायत. आणि मला आगगाडीत घालून कुठेतरी पळवून नेलं, तिथे गार हवा, डोक्यावरून दिवे सरकतायत. आजही ते डोळ्यांसमोर येतं, आणि खरं घडलेलं मात्र काहीच आठवत नाही.

बेड_नंबर_सात
हसत नाही. विष देणाऱ्या सिस्टर आम्ही कितीजणींच्या डोक्यात झालो असू! त्याला डिलिरियम म्हणतात. इन्फेक्शन, झोपेची औषधं, रात्रंदिवस दिवे चालू, त्यातून मेंदू मिळेल त्या तुकड्यांची गोष्ट रचतो. तुमची आगगाडी बहुतेक स्ट्रेचर असणार. सीटी स्कॅनला नेलं होतं का?

टेम्सकाठी
यावरच लिहायला आले. आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला. नवऱ्याला न्यूमोनियातून सेप्सिस झाला होता. त्याच्या आयसीयूत नर्स त्याच्यासाठी वही लिहायच्या. आज ट्यूब काढली, आज मुलीचा फोन कानाला लावला तेव्हा बोटं हलली, बाहेर पाऊस आहे. ही पद्धत स्कँडिनेव्हियातून आली. घरी आल्यावर तो ती वही कितीतरी दिवस उघडत नव्हता. मग एकदा रात्री बसून सलग वाचली आणि सकाळी म्हणाला, म्हणजे मी बोटीवर नव्हतोच.

इथे २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत की आयसीयूतून गेलेल्यांना पुढे गरज असेल तर दोन-तीन महिन्यांनी बोलावून तपासावं, शरीर आणि मन दोन्ही. कागदावर छान. प्रत्यक्षात फिजिओच्या यादीत थांबून थांबून शेवटी आम्ही पैसे भरून खासगी गाठला. तेव्हा तिकडे सगळं गुलाबी आहे असं समजू नका. पण 'हे होणार आहे' असं लिहिलेला कागद डिस्चार्जच्या वेळी हातात दिला होता, त्या कागदाने आमची बरीच भांडणं वाचवली.

शेंगाचटणी
सोलापूर. बाबांना शुगर, पायाच्या जखमेतून सेप्सिस, दोन बोटं काढावी लागली. ते वाचले याचा आनंद आहे, हे आधी लिहिते म्हणजे कुणी गैरसमज करून घेणार नाही.

ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवण कडू लागतं म्हणून ताट सरकवतात. संध्याकाळी अचानक रडतात, मग रडल्याबद्दल माझ्यावर चिडतात. ड्रेसिंग, इन्सुलिन, ऑफिसचं काम घरून, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो, "बाबांना काय खायला देतेस?" मी जेवले का हे कुणी विचारलं नाही. हा प्रतिसाद कदाचित उडवेन.

कुणग्यातला
उडवू नको. जेवलीस का?

शेंगाचटणी
आत्ता जेवते.

उठबस
मी फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर. धागा उशिरा दिसला. 'चालायला जा' एवढंच सांगून लोक मोकळे होतात आणि पेशंट पहिल्याच दिवशी कॉलनीला चक्कर मारून दोन दिवस झोपतो, म्हणून थोडं विस्ताराने.

चांगल्या दिवशीच घात होतो. आज बरं वाटतंय म्हणून बाई कपाट आवरते, पोळ्या लाटते, देवळात जाऊन येते, आणि उद्या उठत नाही. मग घरचे म्हणतात, काल तर ठीक होतीस. चांगल्या दिवशीही ठरवलेल्या कामापेक्षा जास्त करायचं नाही, आणि वाईट दिवशीही अगदी शून्य करायचं नाही. थोडं करणं अवघड नसतं, थोड्यावर थांबणं अवघड असतं.

व्यायामाची सुरुवात खुर्चीवरून. घट्ट, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून, हात न लावता उठायचं आणि हळू बसायचं. न थकता जितकं जमेल त्याच्या आत थांबायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबा. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते माळ्यावर टाकू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

बाकी वेळ शक्ती वाचवायची. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल, आंघोळ बसून. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून. आंघोळ आणि केस धुणं एकाच दिवशी नको. यात कमीपणा मानणाऱ्या बायका मी रोज बघते, आणि स्टूलला विरोध करणाऱ्या सासवाही.

खाण्यात स्नायूंसाठी प्रथिनं लागतात. अंडी, मासे, डाळी, दही, पनीर, शेंगदाणे. नाचणीची पेज चांगलीच, पण नुसत्या पेजेवर मांडी भरत नाही. मात्र किडनीचा त्रास झालेल्यांनी किती प्रथिनं, किती मीठ, किती पाणी हे डॉक्टरांना विचारूनच. शेंगाचटणी, बाबांना तोंड कडू लागत असेल तर मोठं ताट पुढे ठेवूच नका. दर दोन-तीन तासांनी वाटीभर. आणि पायाचं वजन कुठे, किती टाकायचं हे सर्जनना विचारल्याशिवाय चालवू नका, जखम परत उघडते.

रात्रपाळी
+१. शेंगाचटणी, बाबांचं रडणं-चिडणं हे स्वभावाच्या खात्यात टाकू नका. नैराश्य आणि त्या दिवसांच्या भीतीचे झटके, दोन्ही या आजारानंतर दिसतात आणि दोन्हींवर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात. बाबा फोन करणार नाहीत हे गृहीत धरतो. तुम्ही स्वतःसाठी करा, तीही त्यासाठीच आहे.

निरामय७
काढा मागे घेतो. माझ्या मेव्हण्याला बरं वाटलं होतं म्हणून लिहिलं.

केळफूल
अपडेट देते, कारण जुन्या धाग्यांवर पुढे काय झालं ते कळत नाही तेव्हा माझी चिडचिड होते.

टेम्सकाठींची वही वाचून मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे मागे गेले. मी आत असताना लेक, दीर, नणंद सगळे तिथे लिहीत होते. "आईला खाली सीटीला नेतायत, एसी फार आहे, चादर मागितली." हीच माझी आगगाडी. "सिस्टरने आईचे हात बांधलेत, ट्यूब ओढत होती." "आज आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले." लेकीला हे सगळं कागदावर उतरवून द्यायला सांगितलं. तिने तारखा टाकून लिहिलं, मध्येमध्ये "इथे मी रडले, पण तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं" असंही. विष देणाऱ्या सिस्टर रात्री अजून येतात. पण आता येतात तेव्हा त्या हात सोडवायला आल्यात असं स्वतःला सांगता येतं, आणि कधीकधी ते पटतंही.

त्याच ग्रुपात नवऱ्याचा एकही मेसेज नव्हता. विचारलं, तर म्हणाला, "मी काय लिहू, मी बाहेर बाकावर होतो." त्यावर आम्ही बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही.

कामाचं म्हणाल तर, व्यवस्थापकांना डॉक्टरांचं पत्र दिलं की काही काळ काउंटर नको, मागच्या टेबलाचं काम द्या, आणि आधी अर्धा दिवस. पूर्ण रजा किंवा पूर्ण काम, मधलं काही नसतं असं आधी सांगितलं गेलं. पत्रात डॉक्टरांनी 'आजारी' न लिहिता कुठलं काम जमेल, कुठलं नाही हे एकेक करून लिहिलं, तेव्हा हललं. आता प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहिते. सहकारी चेष्टा करतात, पण त्यांच्या नोंदींत चुका निघतात, माझ्यात नाही. टोकनची घंटा अजून नको वाटते.

आंघोळ स्टूलवर बसून. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, परवा त्यांनाच त्याच स्टूलवर बसून पाय धुताना पाहिलं.

शेंगाचटणी
=)) स्टूल!
१४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी बाबांबद्दल नंतर विचारलं, आधी माझ्या झोपेबद्दल. आता आत्या रविवारी येऊन ड्रेसिंग करते, मी सुट्टी घेते.

बेड_नंबर_सात
अवांतर: ज्यांच्याकडे आरोग्यविमा आहे त्यांनी पॉलिसीतलं 'रुग्णालयोत्तर खर्च' हे कलम बघा. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांची औषधं आणि तपासण्या मिळतात, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर फिजिओथेरपीही काहींत मिळते. बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. लोकांना हे मुदत संपल्यावर कळतं.

नवखी_सई
मी पहिल्यांदाच लिहितेय. आईला काल डिस्चार्ज मिळाला, तिलाही लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस. हा धागा आत्ता सलग वाचला. घरी येऊन पहिल्या आठवड्यात नेमकं काय बघू? फाइल जाडजूड आहे, काहीच कळत नाही.

रात्रपाळी
फाइलमध्ये चार गोष्टी शोधा. कुठला जंतू निघाला आणि त्यावर कुठली औषधं चालतात, म्हणजे कल्चरचा रिपोर्ट. पुढच्या वेळी ताप आला तर डॉक्टरांना तो सगळ्यात आधी लागेल. कुठलं अँटिबायोटिक कधी सुरू आणि कधी बंद. घरी जाताना क्रिएटिनिन किती होतं आणि ते परत कधी तपासायचं. आणि बीपी-शुगरच्या आधीच्या गोळ्यांपैकी भरती असताना कुठल्या थांबवल्या होत्या, त्यातल्या परत कुठल्या सुरू करायच्या. ही चौथी गोष्ट फार वेळा सुटते.

उठबस
आणि आज उत्साहात तिला जिना चढवू नका.

नवखी_सई
क्रिएटिनिन सापडलं, १.६ आहे, आठ दिवसांनी तपासायला सांगितलंय. बीपीची गोळी बंद केली होती, परत कधी ते कुठेच लिहिलेलं नाही. कल्चरचा रिपोर्ट फाइलमध्ये नाहीये. उद्या सकाळी जाऊन दोन्ही विचारून येते.